परदेशातील पहिले खाते : प्रश्न व्याजाचा नव्हे, नावाचा

कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग आळेफाटा मागे टाकून आणे घाट चढतो आणि जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकावरील पठारावर येतो. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे याच जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात आहेत. तरीही कालव्याच्या पाण्यासाठी आणे पठार वर्षानुवर्षे मागणीच करीत आले आहे. पाऊस चुकला की येथील तरुणांनी मुंबईची वाट धरायची आणि महिन्याकाठी मनीऑर्डर घरी पाठवायची, हा कित्येक पिढ्यांचा परिपाठ. पोस्टमनची वाट पाहणारी म्हातारी माणसे या पठाराने पुष्कळ पाहिली आहेत.

आमच्या एका शाळेतील शिक्षकांचे हे गाव. पौष महिन्यात श्री रंगदासस्वामींच्या यात्रेला आमटी-भाकरीचा प्रसाद घेण्यासाठी त्यांनी आग्रहाने बोलावले, म्हणून आम्ही गेलो होतो. जेवणानंतर ओसरीवर बसलो असता त्यांच्या वडील बंधूंनी विषय काढला. "फादर, पोराला दुबईचा व्हिसा आलाय. एसी दुरुस्तीचं काम. तिथं खोलीवर आपल्याच भागातला एक जण आहे, जुना. तो म्हणतो, खातं काढायची घाई नको, पगार माझ्या खात्यावर घेऊ, मी दर महिन्याला तुम्हाला पाठवीन. माणूस भरवशाचा आहे. चालंल ना?"

माणूस भरवशाचा असेलही. तरी आम्ही "चालणार नाही" असे सांगितले, आणि कारणे सांगता सांगता दिवे लागणीची वेळ झाली. तेथे निघालेले प्रश्न केवळ त्या एका घराचे नाहीत. वसई, पुणे, नाशिक, मुंबई, गोवा येथील आपल्या कितीतरी कुटुंबांतील कोणी ना कोणी आज आखातात, इंग्लंडात, कॅनडात, इटलीत किंवा जर्मनीत आहे. म्हणून त्या चर्चेचा विस्तार येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विषय किती मोठा आहे?

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२५ च्या आपल्या मासिक पत्रिकेत परदेशातून येणाऱ्या पैशाच्या सहाव्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार २०२३-२४ या वर्षात परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी ११८.७ अब्ज डॉलर पाठविले. यात अमेरिकेचा वाटा सुमारे २८ टक्के, तर संयुक्त अरब अमिरातीचा सुमारे १९ टक्के होता. राज्यांमध्ये महाराष्ट्र २०.५ टक्क्यांसह पहिला आणि केरळ १९.७ टक्क्यांसह दुसरा आहे. आखाताचा पैसा म्हटले की केरळ आठवतो. पण ही आकडेवारी सांगते की हा प्रश्न आता पूर्णपणे आपलाही झाला आहे.

एवढा पैसा ज्या खात्यांमधून वाहतो, ती खाती निवडताना मात्र आपली माणसे एकच प्रश्न विचारतात : व्याज किती? आमच्या अनुभवाप्रमाणे परदेशी गेलेल्या माणसाचे नुकसान कमी व्याजामुळे क्वचितच होते. खाते दुसऱ्याच्या नावावर असते, ते चुकीच्या प्रकारचे असते किंवा ते चालविण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती असते, आणि नुकसान तेथेच होते. म्हणून खाते कोणाच्या नावावर आहे, ते कोण चालविणार, बँक बुडाली तर संरक्षण काय आणि पैसा घरी कोणत्या मार्गाने येणार, हे चार प्रश्न आधी विचारावेत. व्याजाचा प्रश्न त्यांच्यानंतर येतो.

तेथील खाते : परक्या माणसाचा हक्क

परक्या देशात उतरलेल्या माणसापुढे पहिली अडचण उभी राहते ती अशी की खात्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, घर भाड्याने घेण्यासाठी खाते लागते, आणि पगारासाठी दोन्ही. या चक्रात अडकलेला माणूस मग मित्राच्या खात्याचा आधार घेतो. परंतु अनेक देशांनी यावर कायद्याने तोड काढली आहे, आणि ती आपल्या मुलांना ठाऊक असली पाहिजे.

युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार संघातील कोणत्याही देशात कायदेशीरपणे राहणाऱ्या ग्राहकाला मूलभूत स्वरूपाचे खाते मिळण्याचा हक्क आहे. त्याला कायमचा पत्ता नसला तरी केवळ त्या कारणाने खाते नाकारता येत नाही, आणि कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने निर्णय द्यावा लागतो. कॅनडामध्येही योग्य ओळखपत्र दाखविणाऱ्याला नोकरी नाही किंवा सुरुवातीला भरण्यास पैसे नाहीत, म्हणून बँक परत पाठवू शकत नाही. अमेरिकेत परदेशी नागरिकाची ओळख पटविण्यासाठी बँका पारपत्राचा क्रमांक स्वीकारू शकतात. सामाजिक सुरक्षा क्रमांक हाती येईपर्यंत थांबलेच पाहिजे असा कायदा नाही, मात्र प्रत्येक बँकेचे धोरण वेगळे असते. ब्रिटनचा कायदा दुसऱ्या टोकाचा आहे. २०१४ च्या स्थलांतरविषयक कायद्याने वास्तव्याचा हक्क नसलेल्यांना चालू खाते नाकारण्याचे बंधन बँकांवर घातले आहे. म्हणून तेथे व्हिसाची मुदत आणि खाते यांचा थेट संबंध आहे, हे लक्षात ठेवावे.

जर्मनीला शिकण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. व्हिसासाठी त्यांना एका गोठविलेल्या खात्यात वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो करण्यात आली. महिन्याला ठरलेला हप्ताच त्यातून काढता येतो. हे खाते म्हणजे रोजच्या व्यवहाराचे खाते नव्हे. तेथे पोहोचल्यावर दुसरे साधे खाते उघडावेच लागते. पालक कर्ज काढून ही रक्कम उभी करतात, म्हणून ती परत कधी आणि कशी मिळते, हेही आधी विचारून घ्यावे.

आखात : पगार आणि कार्ड

आखाती देशांत पगार बुडविला जाणे हे आपल्या कामगारांचे जुने दुखणे आहे. त्यावर उपाय म्हणून संयुक्त अरब अमिरातीने २००९ मध्ये, सौदी अरेबियाने २०१३ मध्ये आणि कतारने २०१५ मध्ये वेतन संरक्षण व्यवस्था सुरू केली. मालकाने पगार हातात न देता बँकेमार्फत किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेमार्फत द्यायचा आणि सरकारला त्याची नोंद दिसायची, असे तिचे स्वरूप आहे. पगार वेळेवर झाला नाही तर पुरावा कामगाराच्या बाजूने उभा राहतो. घरकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना मात्र या संरक्षणातून बराच काळ वगळले गेले होते, हेही नमूद केले पाहिजे.

आता पठारावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर अधिक स्पष्ट होईल. पगार दुसऱ्याच्या खात्यात गेला की हा पुरावाच नाहीसा होतो. उद्या मालकाशी वाद झाला तर कामगार न्यायालयापुढे काय दाखवील? खोलीवरचा मित्र आजारी पडला, नोकरी सुटून परतला किंवा त्याच्या कर्जामुळे त्याचे खाते बँकेने गोठविले, तर त्यात अडकलेले पैसे कोणाचे, हे कोण सिद्ध करील? अमिरातीत खातेदाराचा मृत्यू झाल्यास न्यायालयाचा आदेश येईपर्यंत खाते बंद राहते. मित्राच्या नावावरचे पैसे अशा वेळी मित्राच्या वारसांकडे जातील, आणि त्यात कोणाची लबाडी असण्याचीही गरज नाही.

खाते उघडण्यासाठी अमिरातीत पारपत्र, निवासी व्हिसा आणि तेथील ओळखपत्र लागते. पगार जमा होणाऱ्या खात्यासाठी मालकाचे पत्रही मागितले जाते. कमी पगाराच्या कामगारांना पुष्कळदा पूर्ण खात्याऐवजी पगाराचे कार्ड मिळते. ते कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक कामगाराच्याच जवळ असला पाहिजे. "हरवेल, आम्ही सांभाळतो" असे म्हणून कोणी कार्ड किंवा पारपत्र काढून घेत असेल तर तो उपकार समजू नये. वेतन रोखून ठेवणे आणि ओळखीची कागदपत्रे ताब्यात ठेवणे, या दोन्ही गोष्टी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या लक्षणांत गणल्या आहेत.

याच संदर्भात आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. "तुझ्या खात्यावर थोडे पैसे येतील, ते पुढे पाठव, शेकडा इतके तुझे" असे आमिष दाखविणाऱ्या टोळ्या नव्याने आलेल्या परदेशी तरुणांना हेरतात. फसवणुकीचा पैसा फिरविण्यासाठी त्यांना दुसऱ्याची खाती हवी असतात. पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात, टोळीच्या नव्हे. आपले खाते दुसऱ्याला वापरू देणे आणि दुसऱ्याचे खाते आपण वापरणे, दोन्ही सारखेच धोक्याचे आहे.

येथील खाते : तीन नावे, तीन कामे

आता भारतातील खात्याकडे वळू. फेमा म्हणून ओळखला जाणारा १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा १ जून २००० पासून लागू आहे. नोकरीसाठी देश सोडणारा माणूस या कायद्याच्या दृष्टीने सोडल्या दिवसापासूनच अनिवासी ठरतो. प्राप्तिकराचे गणित निराळे आहे. तेथे वर्षात किती दिवस भारतात राहिलो ते मोजतात. या दोन व्याख्यांची गल्लत झाल्याने पुष्कळ जण वर्षानुवर्षे आपले जुने साधे बचत खातेच वापरीत राहतात. तसे करता येत नाही. बँकेला कळवून ते खाते एनआरओ प्रकारात बदलून घ्यावे लागते. फेमाचा भंग झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रत्येकाला तो होईलच असे नाही, परंतु बँकेला एक पत्र लिहून टळणारी जोखीम डोक्यावर वागविण्यात शहाणपण नाही.

येथे प्रश्न राष्ट्रीयत्वाचा नसून वास्तव्याचा आहे. पोर्तुगालचे नागरिकत्व घेऊन इंग्लंडात गेलेल्या आपल्या गोमंतकीय बांधवांनाही भारतीय वंशाचे म्हणून ही अनिवासी खाती उघडता येतात.

एनआरओ खाते हे भारतातील उत्पन्नासाठी आहे. घराचे भाडे, वडिलोपार्जित शेतीचे उत्पन्न, निवृत्तिवेतन, शेअरवरील लाभांश हे त्यात जमा करावे. त्यावरील व्याजातून ३० टक्के कर आणि त्यावरील उपकर उगमापाशीच कापला जातो. अमिरातीसारख्या देशाशी आपला दुहेरी कर टाळण्याचा करार असल्याने तेथील करनिवासाचा दाखला दिल्यास व्याजावरील हा दर १२.५ टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो. कर भरल्यानंतर या खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी नेता येते.

एनआरई खाते हे परदेशातील कमाईसाठी आहे. पैसा रुपयांत ठेवला जातो, मुद्दल आणि व्याज दोन्ही केव्हाही परदेशी परत नेता येतात, आणि अनिवासी असेपर्यंत त्यावरील व्याजाला भारतात प्राप्तिकर नाही. मुदत ठेव किमान एक वर्षाची असते.

एफसीएनआर ही केवळ मुदत ठेव आहे, एक ते पाच वर्षांची, आणि ती परकीय चलनातच राहते. रुपया घसरला तर तिची झळ ठेवीदाराला लागत नाही. डॉलरचा भाव १९८० च्या सुमारास आठ रुपयांच्या आसपास होता, २००५ मध्ये तो ४४-४५ रुपये होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० रुपयांचा टप्पा ओलांडला. दिरहम १९९७ पासून डॉलरशी ठरावीक दराने बांधलेला असल्याने दुबईत कमावणारा माणूस एका परीने डॉलरमध्येच कमावतो. मग निवड कशी करावी? ज्या पैशातून येथे घर बांधायचे, बहिणीचे लग्न करायचे, त्यासाठी एनआरई सोयीचे. कारण तो पैसा शेवटी रुपयांतच खर्च होणार आहे. ज्या पैशातून पुढे तेथेच मुलांचे शिक्षण करायचे, त्यासाठी एफसीएनआर अधिक सुरक्षित. नुसता व्याजदर शेजारी शेजारी मांडला तर एनआरई नेहमीच आकर्षक दिसते. घसरणीचा हिशेब त्या तक्त्यात नसतो.

वडिलांच्या खात्यावर पाठविले तर?

आणे येथे दुसरा प्रश्न हाच होता. मुलाने वडिलांच्या साध्या बचत खात्यावर घरखर्चासाठी पैसे पाठविणे पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि मुलाकडून मिळालेल्या या रकमेवर वडिलांना करही नाही. मात्र एक गोष्ट विसरू नये. तो पैसा एकदा वडिलांच्या खात्यात गेला की तो वडिलांचा झाला. त्यातून घेतलेली जमीन वडिलांची, आणि त्यांच्या पश्चात सर्व वारसांची. अनिवासी भारतीयाला स्वतः शेतजमीन विकत घेता येत नाही; वारसाने मिळू शकते, आधीची असेल तर राहू शकते. त्यामुळे बहुतेक कुटुंबांत परदेशातल्या मुलाच्या कमाईची जमीन घरच्यांच्या नावे होते. वीस वर्षांनी तो परततो तेव्हा भावाभावांत कोर्टकचेरी सुरू होते, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. अशी कुटुंबे समेटासाठी आमच्याकडे येतात तेव्हा वाटते की घरखर्चाचे पैसे आणि बचतीचे पैसे पहिल्याच महिन्यापासून वेगळे ठेवले असते, तर ही वेळ आली नसती.

यासाठी बँकेत सोय आहे. एनआरई खात्यात भारतात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाचे नाव जोडता येते, पण "पहिला किंवा त्याच्या पश्चात दुसरा" या अटीवर. मुलगा हयात असेपर्यंत वडील ते खाते केवळ कुलमुखत्यार म्हणून चालवू शकतात. मुखत्याराला येथील बिले भरता येतात, पैसे काढता येतात. खातेदाराच्या वतीने कोणाला भेट म्हणून रक्कम देता येत नाही. नामनिर्देशनही न विसरता करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यासाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. परंतु नामनिर्देशित व्यक्ती ही पैशाची विश्वस्त असते, मालक नव्हे. वारसांचा हक्क अबाधित राहतो. म्हणून मृत्युपत्राला पर्याय नाही.

ठेव कोठे सुरक्षित?

वसईत १९१८ साली मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेचा पाया घातला, तो सावकारीच्या पाशातून आपल्या माणसांना सोडविण्यासाठी. आपल्या अनेक धर्मग्रामांतील पतपेढ्याही त्याच परंपरेतल्या. या संस्थांविषयी आपल्याला आपुलकी असणे स्वाभाविक आहे, पण बँक आणि पतपेढी यांतील कायदेशीर फरक ओळखलाच पाहिजे. सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाख रुपये करण्यात आली. त्यापूर्वी १९९३ पासून ती एक लाखच होती. पतपेढीतील ठेवीला हा विमा नाही, आणि अनिवासी खाती तर केवळ अधिकृत बँकांतच उघडता येतात.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि अखेर जानेवारी २०२२ मध्ये ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवरही निर्बंध आले. ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. या घटनांपासून आपण एवढेच शिकावे की आयुष्यभराची कमाई एकाच ठिकाणी ठेवू नये, आणि कोणी बाजारापेक्षा बरेच जास्त व्याज देऊ करीत असेल तर ते का देऊ करीत आहे, हे विचारावे. युरोपीय संघात हे संरक्षण एक लाख युरोपर्यंत, तर अमेरिकेत अडीच लाख डॉलरपर्यंत आहे. पाच लाख रुपयांची आपली मर्यादा त्यामानाने अल्प आहे. म्हणूनच येथे ठेवी विभागून ठेवणे अधिक अगत्याचे.

पैसा घरी येताना

पैसा पाठविण्याचा खर्च दोन ठिकाणी लपलेला असतो. एक पावतीवर दिसणारे शुल्क आणि दुसरा विनिमय दरातील फरक. "शुल्क नाही" अशी जाहिरात करणारा पुष्कळदा दरात वसूल करतो. म्हणून एकच प्रश्न विचारावा : मी येथे हजार दिले तर घरी नेमके किती रुपये पोहोचतील? संयुक्त राष्ट्रांनी हा एकूण खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. गरिबाच्या पाठवणीवर जगभर किती पैसा कापला जातो, हे त्यावरूनच कळावे.

अमेरिकेने १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाठविल्या जाणाऱ्या काही रकमांवर एक टक्का कर लावला आहे. तो रोख रक्कम, मनीऑर्डर आणि तत्सम साधनांनी पाठविलेल्या पैशावर आहे. अमेरिकी बँक खात्यातून किंवा तेथील डेबिट-क्रेडिट कार्डावरून पाठविलेल्या पैशावर तो नाही. म्हणजे ज्याला खाते मिळाले तो सुटला. ज्याला ते मिळाले नाही, जो बहुधा अधिक गरीब आणि अधिक भयभीत आहे, त्याने कर भरावा. परदेशात स्वतःच्या नावाचे खाते असणे म्हणजे काय, याचे याहून ताजे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. हुंडी किंवा हवाला या मार्गाचा तर विचारही करू नये. तो बेकायदा आहे, आणि पैसा वाटेत गेला तर तक्रार करण्यास जागाच उरत नाही.

एक लहान पण महत्त्वाची सूचना. भारतीय मोबाईल क्रमांक बंद पडला की बँकेचा एकवेळचा संकेतांक येत नाही आणि खाते असून नसल्यासारखे होते. तो क्रमांक जिवंत ठेवावा किंवा परदेशी क्रमांक बँकेत नोंदवावा. २०२३ पासून अमिराती, सौदी अरेबिया, कतार, ओमान, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आदी दहा देशांतील क्रमांकांवरून एनआरई आणि एनआरओ खात्यांना यूपीआय जोडण्याची मुभा मिळाली आहे.

परतीची वाट

कायमचे परतल्यावर पुन्हा बँकेला कळवावे लागते. एनआरई खाते साध्या खात्यात किंवा निवासी परकीय चलन खात्यात बदलते. एफसीएनआर ठेव मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने राहू शकते. परदेशात असताना उघडलेले तेथील खाते ठेवण्यास फेमाची हरकत नाही. मात्र प्राप्तिकराच्या दृष्टीने पूर्ण निवासी झाल्यावर ते विवरणपत्रात दाखविणे सक्तीचे आहे. न दाखविल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट दिली आहे. विसरलेले खाते लपून राहील, असेही समजू नये. देशोदेशींची सरकारे आता ही माहिती आपणहून एकमेकांना देतात.

आपल्या दारातील परके

हा विषय संपविण्यापूर्वी पुण्याकडे पाहावेसे वाटते. शिक्षणासाठी आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तेथे आलेला विद्यार्थी आपल्या बँकेच्या खिडकीसमोर नेमका त्याच अडचणीत उभा असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पारपत्र, व्हिसा आणि शिक्षणसंस्थेचे प्रवेशपत्र यांवर त्याचे एनआरओ खाते उघडता येते आणि स्थानिक पत्त्याचा पुरावा देण्यास तीस दिवसांची मुदत असते. तोवर रकमेवर मर्यादा असते. तो पुरावा म्हणजे बहुधा घरमालकाचा भाडेकरार. नोंदणी केलेला करार करून देण्यास टाळाटाळ करणारे घरमालक आपल्यातही आहेत. आपला मुलगा रोममध्ये किंवा टोरांटोत असताना कोणी त्याला हा कागद वेळेवर द्यावा, अशी आपली अपेक्षा असते. तोच कागद आपण येथे देतो का, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून पाहावे.

आणे येथून निघण्यापूर्वी आम्ही त्या मुलाला एका कागदावर थोडक्यात लिहून दिले : निघण्यापूर्वी गावच्या खात्याच्या बँकेला कळवणे आणि एनआरई खाते उघडणे; तेथे पोहोचताच आपल्या नावाचे खाते किंवा पगाराचे कार्ड घेणे आणि ते स्वतःजवळ ठेवणे; घरखर्च वडिलांच्या खात्यावर, बचत स्वतःच्या खात्यावर; तेथे गरजेपुरतीच शिल्लक ठेवणे; नामनिर्देशन आजच करणे. मुलाने कागद नीट घडी घालून पारपत्राच्या पाकिटात ठेवला.

वडिलांची मात्र एक अडचण उरली होती. खोलीवरचा तो गाववाला मनापासून मदत करू पाहत होता. त्याला नाही कसे म्हणायचे? "त्याला वाटंल, आम्ही संशय घेतला." हा संकोच आम्हांला समजत होता, आपल्या समाजात माणसे एकमेकांच्या आधारानेच परदेशी टिकली आहेत. आम्ही म्हणालो, "त्याला खरे तेच सांगा. पगारपत्रकावर ज्याचे नाव, त्याच्याच नावाने पगार जमा होतो. तिथला नियमच तसा आहे. आणि त्याला विनंती करा की पहिल्या दिवशी पोराबरोबर बँकेत चल. भाषेची ओळख नाही, कागद समजत नाहीत, तेव्हा तुझी मदत लागेल." ते ऐकून त्यांचा चेहरा उजळला. मदत नाकारायची नव्हती. ती मदत कोठे घ्यावी, एवढेच ठरवायचे होते.